पाय की पेडल

माझ्या नवऱ्याला काही सांगायची सोय नाही. दूध उतू गेलं म्हटलं, तर दुसरा माणूस फडकं आणेल. हे विचारतात, "भांडं कुठलं होतं? झाकण होतं का? तू तेव्हा कुठे होतीस?" तोवर दूध ओट्यावरून माझ्या पायावर आलेलं असतं. एकतीस वर्षं संसार झाला, पण या माणसानं मला नुसतं "बरं" असं कधी म्हटलेलं नाही. "बरं, पण का?" एवढं तरी असतंच.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही इथे मिस्त्रीच म्हणते. आमचं गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड. मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याची काळ्या रंगात काढलेली आकृती. पाना जागेवर नसला की आकृती रिकामी दिसते आणि मिस्त्रींना जेवण जात नाही. शेडला लागून आमची पुढची खोली, तिथे खिडकीपाशी माझं शिलाई मशीन. खिडकीतून मला शेड दिसते आणि शेडमधून त्यांना मी दिसते. त्यामुळे आमची भांडणंही खिडकीतूनच होतात, काम न थांबवता.

गिऱ्हाईक घाईत येतं. मिस्त्री त्याला गाडीतून काढलेल्या एका जुन्या सीटवर बसवतात आणि प्रश्न सुरू करतात. गाडी गार होती की गरम? चढ होता की उतार? आवाज आधी आला की वास? एकदा, गाडी डावीकडे ओढते म्हणून आलेल्या एकाला त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्ही काय खात होता?" तो माणूस चिडून उठलाच. पण मिस्त्रींना स्टिअरिंगच्या एकाच बाजूला तेलकट बोटं दिसली होती. गाडी डावीकडे ओढत नव्हती, साहेबच एका हातानं चालवत होते.

हा नाद त्यांना बस डेपोतल्या फोरमनमुळे लागला. सतराव्या वर्षी ते तिथे कामाला लागले, तेव्हा फोरमननं महिनाभर त्यांना पान्याला हात लावू दिला नाही. फाटकाशी डोळे मिटून उभं राहायचं आणि आत येणाऱ्या बसचं दुखणं आवाजावरून सांगायचं. चुकलं की पुन्हा उभं. फोरमनचा एक नियम होता, तोच यांनी गळ्यात बांधून घेतला: दोष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सापडला म्हणायचं नाही. आमचं लग्नही त्याच नियमातून जमलं. माझ्या वडिलांचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला हे आले आणि विचारलं, "पंप बंद पडला तेव्हा घरात कोण होतं?" मी होते. मग तासभर मीच उत्तरं देत बसले. पंप चालू झाल्यावरही यांचे प्रश्न संपेनात. तेव्हा वडील म्हणाले, "अजून एकच राहिलाय, तोही विचारून टाका."

तर अशा माणसाच्या दारात एका बुधवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरबाईंची जीप आली.

डॉक्टरबाई सदुसष्ट वर्षांच्या. डोंगरावरच्या मेंढपाळांच्या वस्त्यांवर चाळीस वर्षं त्या हीच जीप घेऊन जात आल्या. कापडी छत, दारं नाहीतच, पुढचा एक दिवा पिवळा आणि एक पांढरा. मेंढपाळ तिला 'खेचर' म्हणतात. रस्ता संपला की बाकीच्या गाड्या थांबतात आणि खेचर तिथून पुढे सुरू होतं. त्या दिवशी मात्र जीप बाईंचा मुलगा चालवत होता आणि बाई शेजारी, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. मी मशीन थांबवलं. बाईंना त्या सीटवर मी कधी पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी बाई घराच्या आवारातून निघाल्या आणि जीप एकदम उसळली. फाटक मोडून, रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीला जाऊन धडकली. भिंतीपाशी एक बाक आहे. समोरच्या घरातले म्हातारे आजोबा रोज त्यावर ऊन खात बसतात. ते दहाच मिनिटांपूर्वी औषध घ्यायला आत गेले होते.

बाई म्हणत होत्या, पेडल अडकलं. मी पाय काढला, तरी रेस वाढतच गेली. ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही.

मुलगा म्हणत होता, आईनं ब्रेक समजून रेस दाबली.

गल्लीचं म्हणणं गल्लीनं तोंडावर सांगितलं नाही, पण ते कळायला कितीसा वेळ लागतो? नाचता येईना, अंगण वाकडं. वय झालं की माणूस गाडीला दोष देतो, असं सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. मुलानं किल्ली स्वतःच्या खिशात घातली. जीपला गिऱ्हाईकही बघितलं, ते रविवारी येणार होतं. बाईंनी एकच अट घातली, त्याआधी मिस्त्रींनी गाडी बघायची.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. तो आईला बसवून खिडकीपाशी आला आणि हळू आवाजात मिस्त्रींना म्हणाला, "काका, नीट तपासा. पण काही सापडलं नाही तर आईला स्पष्ट सांगा. आमचं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. बाकावर आजोबा असते तर काय झालं असतं, याचा विचार करून माझी झोप उडालीय."

बाईंनी मात्र सगळ्यांदेखत सांगितलं, "मिस्त्री, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. गाडीत खोट असेल तर गाडीत आहे म्हणा. नसेल तर माझ्या पायात आहे म्हणा. मी किल्ली मागणार नाही."

मिस्त्री म्हणाले, "बरं." मग अर्थातच म्हणाले, "पण त्या दिवशी पायात काय होतं?"

बाईंच्या पायात नेहमीचे रबरी बूट होते. मिस्त्रींनी ते मागून घेतले, पेडलवर ठेवले, आणि बुटाची रुंदी मोजून दोन पेडलांमधलं अंतर मोजलं. एका बुटानं दोन्ही पेडलं एकदम दाबली जाणं शक्य नव्हतं. पण पाय एकाऐवजी दुसऱ्यावर पडणं शक्य होतंच, आणि ते कुठल्याही मोजपट्टीनं कळणार नव्हतं.

बुधवार पेडलमध्ये गेला. खाली बिजागरी, तिथून एक लोखंडी दांडी पुढच्या पत्र्यातून इंजिनाकडे जाते, तिथे एक कोपरा घेते आणि कार्बोरेटरला जाऊन मिळते. पाय दाबला की दांडी खेचली जाते, इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं. पाय काढला की स्प्रिंग सगळं जागेवर आणते. मिस्त्रींनी एकेक जागा उघडली, पुसली, हलवून पाहिली. दुपारी त्यांनी पेडलच्या बिजागरीतून चिमट्यानं काहीतरी काढलं आणि खिडकीपाशी आणून मला दाखवलं. मेंढीच्या लोकरीचा, चिखलात घट्ट झालेला, अंगठ्याएवढा गोळा.

"सापडलं," मी म्हटलं.

"काय सापडलं?"

"अहो, हाच गोळा अडकला असणार. अजून काय पाहिजे?"

त्यांनी तो गोळा परत जिथल्या तिथे खुपसला. मग सीटवर बसून पेडल दाबायला लागले. मी इकडे एका परकराची शिलाई संपवली, दुसऱ्याची सुरू केली, तरी यांचं दाबणं सुरूच. दोनशे वेळा झाल्यावर उतरले आणि म्हणाले, "एकदाही अडकलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा नुसता गोळा आहे."

मला राग आला. मी खिडकीतूनच सुनावलं, की त्या बाई चाळीस वर्षं डोंगर चढल्या, आता त्यांना घरात बसवायला निघालेत. तुम्ही फक्त हा गोळा उचलून मुलाच्या हातावर ठेवा आणि म्हणा, हे बघ. एवढ्याशा गोष्टीनं कुणाचं नुकसान होतंय? त्यांनी गोळा एका डबीत ठेवला, डबीवर झाकण लावलं.

"आणि खरा दोष गाडीत तसाच राहिला तर?" ते म्हणाले. "माझ्या शब्दावर बाई गाडी बाहेर काढतील. पुढच्या वेळी आजोबा आत गेलेले नसतील."

त्यांचं म्हणणं मला पटलं. पण राग गेला, असंही नाही.

गुरुवारी त्यांनी जीप रस्त्यावर काढली. गार इंजिनानं, तापलेल्या इंजिनानं, गावाबाहेरच्या चढावर, उतारावर, खड्ड्यांतून. दर फेरीनंतर येऊन बॉनेट उघडायचे आणि बराच वेळ नुसते बघत उभे राहायचे. सगळं जागच्या जागी. मला वाटलं, आता हा माणूस हरला. जेवतानाही त्यांचा उजवा पाय टेबलाखाली पेडल दाबत होता.

दुपारी डॉक्टरबाई चालत आल्या. मिस्त्री गाडी घेऊन गेलेले होते, म्हणून त्या माझ्या खोलीत बसल्या. मी चहा ठेवला. चिंध्यांच्या ढिगातून एक तुकडा उचलून त्या बोटांत गुंडाळत राहिल्या.

"तुला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "मला आता खात्री वाटत नाही."

"कशाची?"

"मला ब्रेक दाबल्याचं आठवतंय. अगदी नीट आठवतंय. पण जो चुकून रेस दाबतो, त्यालाही ब्रेक दाबल्याचंच आठवत असणार ना? नाहीतर त्यानं दाबलीच नसती. आणि मुलगा म्हणतो तेही खरं आहे. ब्रेक दाबला असता तर गाडी थांबायला हवी होती. ब्रेक तर चांगले आहेत." मग त्या म्हणाल्या, "परवा माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला."

"माझा पिठाच्या डब्यात सापडतो," मी म्हटलं. त्या हसल्या, पण ते हसणं माझ्यासाठी होतं. जनावराच्या पोटात हात घालून आडवं पिल्लू सरळ करणारी ही बाई, आणि आता कप उचलताना स्वतःच्या हाताकडे संशयानं बघत होती. मला फार वाईट वाटलं. गाडी विकली जाण्याचं दुःख मला कळत होतं, पण त्याहून मोठं काहीतरी त्यांच्या हातून निघून चाललं होतं, आणि ते गेलं की परत आणायला कुठलं गॅरेज नव्हतं.

मिस्त्री परत आले, तेव्हा त्यांनी बाईंना जुन्या सीटवर बसवलं आणि त्या सकाळची गोष्ट पहिल्यापासून विचारली. बाईंनी सांगितली. हे म्हणाले, परत सांगा. बाईंनी परत सांगितली. मागे काय होतं? खुराकाची सहा पोती आणि एक आजारी कालवड. आवारात चढ किती? बराच, आणि वर खडी. गाडी कुठल्या गिअरमध्ये उचलली?

"पहिल्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नजर वळवली.

मिस्त्री काही बोलले नाहीत. नुसते थांबले. हे त्यांचं थांबणं मला माहीत आहे, त्यापुढे भले भले कबूल होतात.

"पहिल्या," बाई पुन्हा म्हणाल्या, "आणि छोटी दांडीसुद्धा टाकली होती."

जुन्या जीपला गिअरच्या मोठ्या दांडीशेजारी एक छोटी दांडी असते. ती टाकली की चारही चाकं हळू, पण दसपट जोरानं ओढतात. ती चिखलासाठी, डोंगरासाठी. घराच्या आवारात ती टाकू नका, असं मिस्त्रींनी बाईंना वर्षानुवर्षं बजावलं होतं.

"तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "मेंढपाळ माझ्याशी असंच वागतात. जनावरानं काय खाल्लं ते सगळ्यात शेवटी सांगतात."

मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "म्हणजे इंजिन जोर लावत होतं," ते म्हणाले, "पूर्ण जोर. आणि मी दोन दिवस ते रिकामं फिरवतोय."

शुक्रवारी सकाळी त्यांनी मुलालाही बोलावून घेतलं. शेडमागे खडीचं मोकळं आवार आहे, त्यात जमिनीत पुरलेला एक जाड लोखंडी खांब आहे. जीपच्या मागच्या हुकापासून त्या खांबापर्यंत त्यांनी साखळी ताणून बांधली. मागे वाळूची पोती भरली. बॉनेट काढून बाजूला ठेवलं. गाडी जोर लावेल पण जागची हलणार नाही, अशी सगळी व्यवस्था. मग बाईंना म्हणाले, "बसा. त्या दिवशी जसं केलं तसंच करायचं. डावा हात किल्लीवर ठेवा. मी हात वर केला की रेसवरून पाय काढायचा. काही झालं तर किल्ली बंद."

मुलगा पुढे आला. "काका, आई कशाला? मी बसतो."

"तू त्या दिवशी होतास का गाडीत?"

मुलगा मागे सरला.

मग मिस्त्री माझ्याकडे वळले. "तू इथे उभी राहा, बाईंच्या बाजूला. इंजिनाकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही. फक्त पाय बघ."

"मला काय कळतंय गाडीतलं?"

"म्हणूनच. तुला पाय कळतो ना?"

जीपला दारं नसल्यामुळे मला बाईंचा बूट आणि तिन्ही पेडलं स्वच्छ दिसत होती.  बाईंनी छोटी दांडी टाकली, पहिला गिअर टाकला, रेस दिली आणि क्लच सोडला. साखळी ताणली गेली. चाकं खडीत रुतून फिरायला लागली, धुरळा उडाला. मिस्त्री इंजिनावर वाकलेले असणार, मला फक्त बूट दिसत होता. मग मिस्त्रींनी हात वर केला असणार, कारण बूट पेडलवरून उचलला गेला. चांगला वीतभर वर. तिथेच, हवेत, राहिला.

आणि इंजिन ओरडायला लागलं.

बूट हवेत होता आणि पेडल आपलं आपण खाली जात होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जणू तिथे दुसराच कुणीतरी पाय ठेवून बसला होता. गाडी साखळीला हिसके देत होती, खांबातून आवाज येत होता. बाईंनी ब्रेक दाबला, तो बूटही मी पाहिला, बरोबर ब्रेकवर, जोर लावून. तरी चाकं फिरतच होती. मग किल्ली फिरली आणि सगळं शांत झालं.

 मुलगा माझ्या मागेच उभा होता, हे मला तेव्हा कळलं. त्यानंही पायच पाहिला होता.

मिस्त्री समोरून आले. तोंडावर धूळ, आणि चेहरा असा की जणू त्यांना कुणी बक्षीस दिलंय. "इंजिन उचललं गेलं," ते म्हणाले. "एका बाजूनं, दोन बोटं वर. कार्बोरेटर त्याच्याबरोबर वर गेला. रेसची दांडी मात्र पत्र्याला धरलेली, ती त्याच्याबरोबर वर जाऊ शकत नाही. म्हणजे कुणी न दाबताच ती खेचली गेली. रेस वाढली की इंजिन आणखी उचलतं, उचललं की रेस आणखी वाढते. किल्ली बंद केल्याशिवाय ते थांबायचं नाही. आणि छोटी दांडी टाकलेली असली की ब्रेक बिचारे काय करणार? इंजिन बंद केलं की पुन्हा आपल्या जागेवर बसतं, जसं काही झालंच नाही."

मुलानं विचारलं, "मग माझ्या वेळी का नाही उचललं?"

"तू ते कधी एवढं ओढायला लावलंच नाहीस. मीही नाही."

बाई अजून सीटवरच होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान खाली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो खांदा हलत होता. मी त्यांना आत नेऊन बसवलं, मुलगाही मागून आला. मी चहा टाकला आणि मिस्त्रींना हाक मारायला शेडमध्ये गेले.

त्यांनी साखळी सोडून जीप खड्ड्यावर घेतली होती आणि स्वतः खाली उतरले होते. मी वाकून पाहिलं. ते खड्ड्यात नुसते उभे होते, हातात एक काळा रबरी ठोकळा धरून. ठोकळा मधोमध फाटून दोन झाला होता. इंजिन ज्या ठोकळ्यांवर बसतं त्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात, एवढं एकतीस वर्षांत मलाही कळलंय.

"हेच ना?" मी म्हटलं. "मग वर या की."

ते हलले नाहीत. म्हणाले, "हे मी कापलेलं आहे."

मग मलाही आठवलं. सहा वर्षांपूर्वी जीपचं मूळचं फाउंडेशन झिजलं होतं आणि नवीन कुठेच मिळेना. तेव्हा यांनी ट्रकच्या टायरमधून जाड रबर कापून, भोकं पाडून तसंच एक घरी बनवलं होतं. किती मिरवले होते. येईल त्याला सांगायचे, इंजिन जाईल पण माझं रबर जाणार नाही. मूळच्या फाउंडेशनला वरून एक लोखंडी पट्टी असते. रबर फाटलं तरी ती पट्टी इंजिनाला उचलू देत नाही. यांचं रबर अर्धं बोट जास्त जाड झालं, त्यावर पट्टी बसेना. म्हणून यांनी पट्टी काढून टाकली. एवढं जाड रबर फाटणार कशाला, असं वाटलं. जो माणूस दुसऱ्याला शंभर प्रश्न विचारतो, त्यानं स्वतःला एकही विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी खरं तेच लिहिते: माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे कुणाला कळायची गरज नाही. रबर जुनं होतं, फाटलं, यात खोटं काय आहे? बाई सुटल्या, मुलाचं समाधान झालं. आता हे सांगून आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा? मी तसं म्हणालेही. हळूच म्हणाले. "रबर फाटलं एवढंच सांगा ना."

त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण त्या नजरेनं मला माझीच लाज वाटली. ते शिडीनं वर आले, हात पुसले नाहीत, तसेच खोलीत गेले आणि ते दोन तुकडे माझ्या शिलाईच्या टेबलावर, अर्ध्या शिवलेल्या पांढऱ्या कापडाशेजारी ठेवले.

"बाई, हे माझं काम आहे," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वीचं. त्यावरची पट्टी मी काढून टाकली होती. ती असती तर रबर फाटूनही काही झालं नसतं. तुमचं फाटक मोडलं ते माझ्यामुळे. तुमच्या पायावर आळ आला तोही माझ्यामुळे."

मुलाचा चेहरा लाल झाला. "काका, म्हणजे त्या बाकावर आजोबा असते तर ते तुमच्यामुळे गेले असते?"

"हो," मिस्त्री म्हणाले. दुसरं त्यांच्याकडे काही नव्हतं.

बाईंनी दोन्ही तुकडे हातात घेतले. जोडून पाहिले, पुन्हा वेगळे केले. "तीन आठवडे," त्या म्हणाल्या, "मी चालताना पायाकडे बघत होते, मिस्त्री. इंजेक्शन भरताना हाताकडे. एकदा नाही, दर वेळी."

मिस्त्री उभेच होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि एकतीस वर्षांत हे मी दुसऱ्यांदा पाहत होते. ते म्हणाले, "मी दुसऱ्या चांगल्या गॅरेजचा पत्ता देतो. आता इथे करून घ्या असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"हे तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलं असतं?"

"नाही."

"ह्याला?" त्यांनी मुलाकडे बोट केलं.

"नाही. फक्त हिला कळलं असतं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान खाली घातली.

"मग दुसरीकडे कशाला नेऊ?" बाई म्हणाल्या. "तिथला माणूस चुकला तर मला येऊन सांगेल कशावरून? पट्टीसकट नवीन बसवा. आणि परत टायर कापू नका."

 मिस्त्रींनी तुकडे उचलले आणि ते शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं पान्याचा आवाज यायला लागला.

मुलानं फोन काढला. आधी त्या रविवारच्या गिऱ्हाइकाला, गाडी विकायची नाही, एवढं सांगून टाकलं. मग घरी बायकोला लावला. आमच्या खोलीत फोनला नीट रेंज मिळत नाही, म्हणून तो दारात जाऊन मोठ्यानं बोलत होता. "अगं, आईची चूक नव्हती. आईनं ब्रेकच दाबला होता. मी बघितलं." समोरून जाणारी, बाईंच्याच गल्लीतली दोन माणसं वळून बघायला लागली. त्यानं किल्ली खिशातून काढली, बोलता बोलताच आत आला आणि आईपुढे टेबलावर ठेवली.

बाईंनी किल्लीला लगेच हात लावला नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले, खुर्चीत ताठ बसल्या आणि दाराकडे बोट करून मुलाला म्हणाल्या, "तिला नीट ऐकू आलं नसेल. बाहेर जाऊन परत सांग."